जुन्या मदरबोर्डला जास्तीत जास्त केवढा प्रोसेसर झेपतो, ते कसं शोधायचं

जून उजाडला की आमच्या लातूर-औसा भागातल्या सेवा केंद्रांवर झुंबड उडते. पीकविमा, सातबारा, पोरांच्या प्रवेशाचे दाखले, सगळं एकदमच. नेमका तेव्हाच टेबलाखालचा कॉम्प्युटर रुसतो. एक फॉर्म अपलोड होईपर्यंत माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन येतो. मग केंद्रचालक डबा मोटारसायकलवर मागं बांधून माझ्याकडं येतो आणि विचारतो, "दादा, ह्याच्यात आय-सेव्हन बसतंय का?"

बसतंय की नाही, हे ज्याचं त्याला शोधता येतं. त्यासाठी हार्डवेअरचा कोर्स लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हर, मोबाईलचा टॉर्च आणि तासभर वेळ एवढं पुरतं. असाच एक डबा यंदा माझ्याकडं आला होता: एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची सगळे भाग जोडणारी मुख्य चिप) बोर्ड, पेंटियम जी२०२० प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. तोच समोर ठेवून सांगतो.

त्याआधी एक काम करा. मशीन रडत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांतलं कोण शंभर टक्क्यांवर टेकलंय ते बघा. डिस्क शंभरावर आणि सीपीयू तीस-चाळीसवर असेल तर प्रोसेसरवर पैसे घालू नका, आधी एसएसडी घ्या. एच६१ बोर्डावर डिस्क जोडायच्या साटा पोर्टचा वेग ३ गिगाबिटच आहे, ६ नाही. तरीही जुन्या हार्डडिस्कच्या मानानं फरक डोळ्यांना दिसतो. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, तीही जमलं तर दोन कांड्यांत, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही कांड्या एकदम वापरल्या जातात. हे दोन्ही करूनही सीपीयूच शंभरावर चिकटून राहिला, तर मग प्रोसेसरचा विषय. आमच्या या डब्यात डिस्कही टेकलेली होती आणि सीपीयूही. पेंटियम जी२०२० ला दोनच कोर (काम करणारे गाभे) आणि दोनच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), २.९ गिगाहर्ट्झवर टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा वेग) नाही. आजच्या ब्राउझरपुढं तो बिचारा काय करणार?

बोर्डाचं खरं नाव

सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच चुकतात.

कॅबिनेटवरच्या स्टिकरवरून बोर्ड ठरवू नका. बाजारात डब्याला एक नाव असतं, आत बोर्ड दुसऱ्याचाच निघतो. विंडोजची कळ आणि आर दाबा, 'एमएसइन्फो३२' टाईप करा. जी यादी येते तिच्यात 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' आणि 'बायोस व्हर्जन' या दोन ओळी लिहून घ्या. बायोस म्हणजे मशीन चालू करणारं, बोर्डातच बसलेलं सॉफ्टवेअर. किंवा सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि त्यातला 'मेनबोर्ड' हा भाग उघडा. तिथं बनवणारा, मॉडेल, चिपसेट आणि बायोसची तारीख एकत्रच दिसते. लिनक्सवाल्यांना 'डीएमआयडिकोड' हेच सगळं सांगतो.

स्वस्तातल्या बोर्डावर मात्र नावाच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असं काहीतरी येतं. म्हणजे बनवणाऱ्यानं नाव भरायचे कष्टच घेतले नाहीत. मग डबा उघडायचा. वायर काढा, बाजूचा पत्रा काढा. आपल्याकडच्या डब्यात धुळीचा थर इतका असतो की आधी ब्लोअर मारल्याशिवाय काही वाचता येत नाही. पंखा बोटानं धरून ठेवा आणि मगच हवा मारा, नाहीतर तो भिरभिरून बेअरिंग खराब होतं.

आता बोर्डावर वाचताना दोन फसव्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे '९४व्ही-०'. बोर्डाच्या कडेला हे ठळक छापलेलं असतं आणि नवखा माणूस तेच मॉडेल समजून गूगल करतो. ते पाटीच्या आगप्रतिबंधक दर्जाचं चिन्ह आहे, जगातल्या असंख्य बोर्डांवर असतं. दुसरी म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटवर लिहिलेलं 'फॉक्सकॉन' किंवा 'लोटेस'. ते सॉकेट बनवणाऱ्याचं नाव. बोर्ड गिगाबाइटचा असला तरी सॉकेट फॉक्सकॉनचं असू शकतं. खरं नाव बहुतेक वेळा प्रोसेसर आणि रॅमच्या मधे, किंवा खाली पीसीआय स्लॉटच्या आसपास मोठ्या अक्षरांत असतं, 'जीए-एच६१एम-डीएस२' अशा धाटणीचं. जवळच एखाद्या कोपऱ्यात 'रेव्ह' आणि पुढं आकडा असतो. तो आकडा विसरू नका. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रेव्हिजनला वेगळे बायोस आणि वेगळ्या याद्या असू शकतात. इंटेलचा स्वतःचा बोर्ड असेल तर छोट्या स्टिकरवरचा 'एए'नं सुरू होणारा नंबर लागतो, कारण कोणता प्रोसेसर चालेल हे त्यांच्या याद्यांत त्या नंबरवरून ठरतं.

मोबाईलनं दोन फोटो काढून ठेवा. दुकानात उभं राहून आठवण्यापेक्षा बरं.

लॅपटॉपवाल्यांसाठी एकच वाक्य: गेल्या कित्येक वर्षांत जवळपास सगळ्या लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डालाच डाग देऊन बसवलेले येतात, तेव्हा तो नाद सोडा.

सॉकेट म्हणजे दार, पण आत घ्यायचं की नाही ते चिपसेट आणि बायोस ठरवतात

"सॉकेट जुळलं म्हणजे झालं" हा समज सगळ्यात महागात पडतो. सॉकेट जुळणं ही पहिली अट आहे, शेवटची नाही.

सगळ्यात सरळ उदाहरण एलजीए ११५१ चं. २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीबरोबर (पिढी नावातल्या आकड्यावरून कळते, आय५-३४७० मधला ३ म्हणजे तिसरी) हे सॉकेट आलं, सातवी पिढीही त्यावरच बसली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली, तिचंही सॉकेट नावानं ११५१ च. प्रोसेसर जागेवर व्यवस्थित बसतोही. पण एच११० किंवा बी२५० बोर्डावर आठव्या पिढीचा आय५ लावला तर मशीन चालू होत नाही. त्याला ३०० सिरीजचा चिपसेट लागतो. म्हणून एच११० वाल्यांचं टोक आय७-७७०० किंवा ७७००के. ७७०० हा ६५ वॅटचा, टर्बोला ४.२ गिगाहर्ट्झ. के वाला ९१ वॅटचा, ४.५ पर्यंत जाणारा. तोही बायोस सातव्या पिढीला ओळखत असेल तरच.

मागं जाऊ. जुन्या जी३१ आणि जी४१ बोर्डांवर एलजीए ७७५ असतं. मराठवाड्यातल्या शाळा, एमएस-सीआयटीचे क्लास, छपाईची दुकानं इथं हे बोर्ड अजूनही निघतात. तिथलं व्यवहारातलं टोक म्हणजे कोअर २ क्वाड क्यू९६५०: चार कोर, ३ गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी), १३३३ चा एफएसबी, ९५ वॅट. एफएसबी म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातला रस्ता. बोर्डाला १३३३ चा रस्ता झेपत नसेल तर हा प्रोसेसर नीट चालणार नाही. कागदावर याहून वरचा क्यूएक्स९७७० आहे, पण १६०० चा एफएसबी आणि १३६ वॅट हे साध्या जी४१ च्या आवाक्यातलं नाही. माझं मत विचाराल तर ७७५ वर आता खर्च करायचाच नाही. फार तर कुणी फुकट दिला तर लावा. या पिढीला एसएसई४.२ या सूचनाच नाहीत, त्यामुळे नवी सॉफ्टवेअर एकेक करून पाठ फिरवतात.

त्यानंतरचं एलजीए ११५६, एच५५ बोर्डवालं. इथं मी स्वतः शेण खाल्लंय. एच५५ बोर्डावर आय३ होता, मी मोठ्या ऐटीत आय७-८७० आणून बसवला. पंखा फिरला, डिस्प्ले नाही. रॅम बदलली, सेल काढला, रात्री दीड वाजेपर्यंत झटलो. सकाळी कळलं की आय७-८७० मध्ये ग्राफिक्सच नाही. बोर्डाच्या मागचं मॉनिटरचं भोक त्या आय३ च्या पोटातल्या ग्राफिक्सवर चालत होतं. आय३ काढला आणि भोक मेलं. दुसऱ्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड लावल्याबरोबर चित्र आलं. म्हणून यादीत प्रोसेसर आहे एवढ्यावर थांबू नका, त्याच्या पोटात ग्राफिक्स आहे का तेही बघा.

आता आपलं एलजीए ११५५, २०११ चं. दुसरी आणि तिसरी पिढी यावर बसते. ११५६ आणि ११५५ मध्ये नावाला एका पिनेचा फरक वाटतो, पण खाचा वेगळ्या आहेत, एकाचा दुसऱ्यात जात नाही. दाबून बघू नका. एच६१ वर दुसऱ्या पिढीतलं व्यवहारातलं टोक आय७-२६००, ९५ वॅटचं. तिसऱ्या पिढीतलं आय७-३७७०: चार कोर, आठ थ्रेड, ३.४ पासून ३.९ गिगाहर्ट्झ, ८ एमबी कॅशे आणि वॅट मात्र ७७ च. नवा असून कमी वीज खातो. तेव्हा बोर्ड तिसरी पिढी घेतो का, हाच खरा प्रश्न.

त्याचं उत्तर कंपनीच्या डब्यांत चिपसेटवरूनही नेमकं मिळत नाही. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३९० आणि ऑप्टिप्लेक्स ३०१० या दोन्हींत एच६१ आहे. पण ३९० दुसऱ्या पिढीवर थांबतो आणि ३०१० तिसरी पिढी घेतो. ऑप्टिप्लेक्स ९९० मध्ये किंवा एचपीच्या ८२०० एलीटमध्ये क्यू६७ हा वरच्या दर्जाचा चिपसेट आहे, तरी त्यांचंही टोक आय७-२६०० च. बँका आणि ऑफिसांच्या लिलावातून आलेले हे डबे आपल्याकडं भरपूर आहेत. त्यांच्यासाठी बोर्डाचं नव्हे, तर डब्याचं मॉडेल धरून शोधायचं.

एलजीए ११५० म्हणजे एच८१, बी८५ हे चौथ्या पिढीचे बोर्ड. टोक आय७-४७९०के, ४ पासून ४.४ गिगाहर्ट्झ, ८८ वॅट. ४७९० हा २०१४ चा असल्यामुळे २०१३ च्या बोर्डाला आधी बायोस अपडेट लागू शकतो. पाचव्या पिढीतला आय७-५७७५सी याच सॉकेटचा आहे, पण तो एच८१ वर चालत नाही, ९० सिरीजचे बोर्ड लागतात.

एएमडीची गोष्ट उलटी. ते सॉकेट वर्षानुवर्षं बदलत नाहीत, म्हणून तिथं उडी मोठी मारता येते. २०१७ च्या सुमाराचा एएम४ सॉकेटचा ए३२० बोर्ड घ्या. त्यावर २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डीसुद्धा बसू शकतो, बोर्ड कंपनीनं तसा बायोस काढला असेल तर. पण तो १०५ वॅटचा, आणि ए३२० च्या साध्या बोर्डावर मी तो लावणार नाही. ६५ वॅटचा रायझन ५ ५६०० पुरे. एक सावधगिरी: एएम४ च्या काही नव्या बायोसमध्ये जागेअभावी जुन्या प्रोसेसरची ओळख काढून टाकलेली असते, म्हणजे परतीची वाट बंद. त्याआधीच्या एएम३प्लसवर एफएक्स-८३५० हा १२५ वॅटचा. बोर्डाची मर्यादा ९५ वॅट असेल तर एफएक्स-८३०० बघा.

यादी कशी वाचायची

बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचं पान उघडा. 'सपोर्ट' आणि त्याखाली 'सीपीयू सपोर्ट लिस्ट' असतं. रेव्हिजन विचारली तर फोटोत बघून निवडा. समोर येणाऱ्या तक्त्यात प्रोसेसरचं नाव, वेग, कॅशे, कोडनेम, स्टेपिंग आणि वॅट असे रकाने असतात. नजर मात्र शेवटच्या रकान्यावर ठेवा: 'सिन्स बायोस व्हर्जन'. म्हणजे हा प्रोसेसर कोणत्या बायोसपासून पुढं चालतो. तिथं एफ८ लिहिलंय आणि तुमच्याकडं एफ४ आहे, तर आधी बायोस.

गिगाबाइट, असूस, एमएसआय यांच्या याद्या बऱ्याचशा शाबूत आहेत. इंटेलनं स्वतःचे डेस्कटॉप बोर्ड बनवणं सोडलं आणि २०१९ च्या अखेरीस जुने बायोस संकेतस्थळावरून काढायला सुरुवात केली. तिथं शोधाशोध जास्त.

यादीच नसेल तर? झेब्रॉनिक्स, मर्क्युरी यांचे किंवा नाव-गाव नसलेले बोर्ड आपल्याकडं खूप आहेत, त्यांची यादी सहसा हाती लागत नाही. इथं थोडं डोकं लावायचं. आत्ता बसलेला प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते बघा. आमच्या डब्यात जी२०२० होता. नाव पेंटियम असलं तरी तो आयव्ही ब्रिज, म्हणजे तिसऱ्या पिढीच्याच घरातला. ज्या बायोसनं जी२०२० ओळखला, तो तिसरी पिढी शिकलेला आहे. मग आय७-३७७० साठी बायोसला हात लावायची गरज बहुधा पडत नाही. हेच जर तिथं जी६२० किंवा आय३-२१०० असता, तर तो दुसऱ्या पिढीचा, आणि बायोस तिसरी पिढी शिकला आहे की नाही याची काहीच खात्री नसती. अशा वेळी बायोसची तारीख बघायची. तिसरी पिढी २०१२ च्या एप्रिलमध्ये बाजारात आली. बायोस २०११ चा असेल तर आशा सोडा किंवा आय७-२६०० वर समाधान माना.

प्रोसेसर कोणत्या घरातला, हे नावावरून कळत नसेल तर इंटेलच्या 'आर्क' या संकेतस्थळावर आकडा टाका. कोडनेम, सॉकेट, वॅट, ग्राफिक्स सगळं तिथं असतं.

सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात शहाणा

यादी हातात आली की टोकाचं नाव सापडतं. ११५५ वर कागदावर सगळ्यात वेगवान खरं तर झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर) ई३-१२९० व्ही२ आहे, टर्बोला ४.१ गिगाहर्ट्झ. पण त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही, बाजारात तो सहज मिळत नाही, आणि साधे एच६१ बोर्ड झिऑन घेतीलच असं नाही. झिऑनमध्ये आकड्याचा शेवट ५ असेल, जसं ई३-१२४५ व्ही२, तर ग्राफिक्स असतं. शेवट ० असेल तर नसतं. मग आय७-३७७०के? तो टर्बोला ३.९ च, म्हणजे साध्या ३७७० इतकाच. के चा उपयोग ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायला, आणि एच६१ ते करू देत नाही. इथं के साठी जास्तीचे पैसे म्हणजे शेतात वीज नसताना दुसरी मोटार घेण्यासारखं. पण हाच नियम ११५० वर लावू नका. तिथं ४७९०के मुळातच ४.४ ला जातो आणि ४७९० हा ४ ला थांबतो, म्हणजे ओव्हरक्लॉक न करताही फरक मिळतो.

नावाच्या शेवटची अक्षरं बघत जा. टी म्हणजे कमी विजेचा आणि हळू, ३७७०टी फक्त ४५ वॅटचा. एस म्हणजे मधला, ६५ वॅट. आय५-३३५०पी मधला पी किंवा नव्या पिढ्यांतला एफ दिसला तर ग्राफिक्स नाही. दुकानदार "आय-सेव्हन आहे, घ्या" म्हणतो तेव्हा शेवटचं अक्षर विचारा.

वॅटकडं मी जरा जास्तच बघतो, त्याला कारण आहे. मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, सेवा केंद्राला पत्र्याचं छत असतं आणि डबा टेबलाखाली पाय लागतील अशा जागी कोंबलेला. प्रोसेसरला वीज पुरवणारे छोटे भाग सॉकेटच्या शेजारी असतात. स्वस्त बोर्डावर ते मोजकेच असतात आणि त्यांच्यावर हीटसिंकही नसते. तिथं ९५ वॅटपेक्षा ७७ वॅटवाला घेतला तर बोर्ड जास्त दिवस जगतो. एसएमपीएसवर (मशीनला वीज देणारा भाग) ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. पेंटियमच्या ५५ वरून ७७ वर जायला अडचण नाही, १२५ वॅटचा एफएक्स मात्र अशा एसएमपीएसवर चढवू नका.

आणि दरवेळी टोकच हवं असंही नाही. सेवा केंद्राच्या कामात ब्राउझर, स्कॅन आणि प्रिंट असतं. तिथं आय५-३४७० नंही भागतं: चार कोर, ३.२ ते ३.६ गिगाहर्ट्झ, आणि तोही ७७ वॅटचाच. आठ थ्रेड व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला लागतात, लग्नाचे अल्बम बनवणाऱ्याला लागतात. किमतीत मोठा फरक नसेल तर आय७ घ्या, असेल तर आय५. दोघांची तुलना करायची तर पासमार्क या वेग मोजणाऱ्या संकेतस्थळाच्या यादीत 'सिंगल थ्रेड' चा आकडा बघा. फॉर्म भरताना जाणवणारा वेग बराचसा त्या आकड्यावर ठरतो.

आधीच सांगितलेलं बरं: ३७७० लावला म्हणून विंडोज ११ रीतसर चालणार नाही. त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांची बेरीज आठव्या पिढीच्या जुन्या ऑफिस डब्याच्या किमतीजवळ जात असेल, तर डबाच घ्या. हा हिशेब प्रोसेसर आणायच्या आधी करायचा.

विकत घेताना

हे प्रोसेसर नवे मिळत नाहीत, सगळा जुना माल. नांदेडकडची मंडळी रेल्वेनं सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटरला जातात, इकडचे पुण्याला नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. कुठूनही घ्या, चालू मशीनवर सीपीयू-झेड उघडून दाखवा म्हणा. प्रोसेसरच्या टोपीवर नावाखाली पाच अक्षरांचा कोड असतो, 'एसआर' नं सुरू होणारा किंवा जुन्यांत 'एसएल' नं. त्याजागी 'क्यू' नं सुरू होणारा कोड आणि 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' दिसलं तर तो कंपनीच्या चाचणीचा नमुना आहे. स्वस्त मिळतो, पण बोर्ड त्याला ओळखेलच असं नाही. नवख्यानं घेऊ नये. पालथा करून खालचे सोनेरी ठिपके बघा, खरचटलेले किंवा काळे नकोत. आठवडाभराची टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून घ्या. तोंडी वॉरंटीला अर्थ नाही.

बायोस, आणि मग हात घालणं

बायोस अपडेट लागणार असेल तर तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचा. फाईल त्याच मॉडेलची आणि त्याच रेव्हिजनची हवी. आणि हे काम सुरू असताना लाईट गेली तर बोर्ड गेला, समजा. आपल्याकडं लाईट केव्हा जाईल याचा नेम नाही, त्यातून पावसाळ्यात तर मुळीच नाही. यूपीएस लावा, पण आधी त्याची वायर भिंतीतून काढून बघा, मशीन पाच मिनिटं तग धरतं का. बऱ्याच यूपीएसची बॅटरी मेलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो.

आता बसवणं. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. इंटेलच्या मूळ पंख्याला चार कोपऱ्यांत चार काळ्या खुंट्या असतात. स्क्रू-ड्रायव्हरनं बाणाच्या दिशेनं पाव फेरी फिरवून वर ओढा. पंखा निघाला की त्या खुंट्या उलट फिरवून मूळ जागी आणा, नाहीतर परत बसवताना लागत नाहीत. एएमडीमध्ये पंखा सरळ वर उपटू नका. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामधली पेस्ट वाळलेली असते आणि प्रोसेसर पंख्याला चिकटून पिनांसकट बाहेर येतो. दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करून वायर काढा आणि हलके डावी-उजवीकडं फिरवत सोडवा.

एलजीएमध्ये पिना बोर्डात असतात, केसासारख्या. त्यांना बोट, कापड, फुंकर काही नको. दांडी उचला, झाकण उघडा, जुना कडेनं धरून वर घ्या. नव्याच्या दोन खाचा आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून अलगद ठेवा. तो स्वतःच्या वजनानं बसला पाहिजे. दांडी लावताना जोर लागतो आणि कुरकुर ऐकू येते, घाबरू नका. जुनी पेस्ट पुसून मधोमध मटाराच्या दाण्याहून लहान थेंब टाका. बोटानं पसरवू नका.

पंखा जुनाच चालेल का? ११५५, ११५६, ११५० आणि ११५१ यांची भोकं एकसारखी, ७५ मिलिमीटरवर. ७७५ ची ७२ वर, तो यांना बसत नाही. पेंटियमबरोबर येणारा पंखा नुसत्या ॲल्युमिनियमचा आणि बुटका असतो. आय७ ला मधे तांब्याचा गाभा असलेला घ्या. त्यातून तिसऱ्या पिढीच्या टोपीखाली कंपनीनं डागाऐवजी पेस्ट भरली आहे, त्यामुळे हे प्रोसेसर दुसऱ्या पिढीपेक्षा तापट.

चालू करून पहिल्यांदा डिस्प्ले आला नाही तर घाम फोडून घेऊ नका. प्रोसेसरजवळची चार पिनांची वेगळी वायर लावली का ते बघा, मीही ती अजून विसरतो. मग वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा. दरवेळी तारीख मागं जात असेल तर सेलच नवा घाला. तरीही नाही झालं तर रॅमची एकच कांडी ठेवून बघा. त्यानंतरही पडदा काळाच असेल तर जुना प्रोसेसर परत बसवा. तो चालला तर तुमचा बायोस नव्याला ओळखत नाही किंवा नवा माल खराब आहे. तोही चालला नाही तर टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये वाकलेली पिन शोधा.

चित्र आलं की सीपीयू-झेडमध्ये नाव आणि थ्रेड मोजा. मग कोअर टेम्प हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून अर्धा तास नेहमीचं काम करा. जोरात काम चालू असताना ऐंशीच्या पुढं पारा राहात असेल तर पंख्याची एखादी खुंटी अर्धवट लागलेली असणार.

त्या औश्याच्या डब्यात शेवटी आय५-३४७०, ८ जीबी रॅम आणि एसएसडी बसली. आय७ चं त्यानंच रद्द केलं, उरलेल्या पैशातून यूपीएसची बॅटरी बदलली. काढलेला पेंटियम त्याला परत दिला, प्लास्टिकच्या डबीत घालून आणि डबी कॅबिनेटच्या आत चिकटपट्टीनं लावून. तुम्हीही तो भंगारात देऊ नका. उद्या काही बिघडलं तर दोष कुणाचा हे शोधायला तोच लागतो.